पेशीपटलाची दारे : द्रव्यांचे वहन, शेजारपेशींची जोडणी आणि आपली औषधे

आयुर्वेदाच्या अभ्यासकाला स्रोतस ही संकल्पना नव्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पाचवा अध्याय स्रोतोविमान याच नावाने ओळखला जातो. अतिप्रवृत्ती, संग, सिराग्रंथी व विमार्गगमन ही स्रोतोदुष्टीची लक्षणे तर विद्यार्थिदशेपासून आपल्या तोंडी असतात. शरीरात द्रव्ये अखंड वाहत असतात, त्यांचे वहन ठरावीक मार्गांनी होते आणि मार्ग बिघडला की व्याधी उत्पन्न होतो, ही दृष्टी आपल्या चिकित्सेचा पाया आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत वहनाचा हाच प्रश्न अत्यंत सूक्ष्म पातळीवर हाताळला. एकेका पेशीभोवतीच्या पटलातून द्रव्ये आत-बाहेर कशी जातात आणि शेजारच्या पेशी परस्परांशी कशा जोडलेल्या असतात, याची बरीच उकल आज झालेली आहे.

हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही. वत्सनाभाच्या शोधनात कसूर झाली तर नेमके काय घडते, अतिसाराच्या रुग्णाला कोणते पेय द्यावे, अपस्मारावरील आधुनिक औषध घेणाऱ्या रुग्णाला त्रिकटू देताना कोणती काळजी घ्यावी, हे प्रश्न वैद्याच्या व औषधनिर्मात्याच्या रोजच्या व्यवहारातील आहेत. त्यांची उत्तरे पुष्कळ अंशी पेशीपटलाच्या दारांशी सापडतात. म्हणून या दारांचा परिचय करून देण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

पटलाची रचना

१९२५ साली गॉर्टर व ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद वेगळा करून पाण्याच्या पृष्ठभागावर पसरविला. त्याने व्यापलेले क्षेत्रफळ त्या पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. यावरून पेशीपटल मेदाच्या दोन थरांचे असते, असा निष्कर्ष निघाला. १९७२ साली सिंगर व निकोल्सन यांनी या चित्रात महत्त्वाची भर घातली. मेदाचे हे दोन थर गोठलेले नसून तेलासारखे प्रवाही असतात आणि त्यांत अनेक प्रथिने रुतलेली असतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. या पटलाची जाडी अवघी ७ ते ८ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग होय.

मेदाच्या थरातून प्राणवायू, कर्बद्विप्राणिद वायू आणि मेदात विरघळणारी द्रव्ये सहज पार होतात. कापूर किंवा सुगंधी तेले त्वचेतून लवकर शोषली जातात, त्याचे एक कारण हेच आहे. सोडियम व पोटॅशियम यांसारखे विद्युत्भारित आयन, तसेच द्राक्षशर्करा म्हणजे ग्लुकोज, यांना मात्र हा थर अडवितो. त्यांच्यासाठी पटलातील प्रथिने दारांचे काम करतात. काही दारे केवळ मार्ग मोकळा करतात, काही द्रव्याला हाताशी धरून पलीकडे नेतात, तर काही ऊर्जा खर्च करून द्रव्याला उताराच्या उलट दिशेने ढकलतात.

पाण्याचा प्रवास

द्रव्य जास्त संहतीकडून कमी संहतीकडे आपोआप पसरते, त्याला विसरण म्हणतात. निवडक द्रव्यांनाच वाट देणाऱ्या पटलातून पाणी ज्या बाजूला विरघळलेली द्रव्ये अधिक असतील त्या बाजूला जाते, त्याला परासरण म्हणतात. फार्मसीत या दोन्ही क्रिया रोज डोळ्यांसमोर घडत असतात. मोरावळा करताना कच्चा आवळा एकदम दाट पाकात टाकला तर त्यातील पाणी बाहेर खेचले जाते आणि फळ सुरकुतते. आवळा टोचून वाफवून घेतला म्हणजे पेशींची पटले उष्णतेने मोडतात, निवड करणारा पडदा उरत नाही आणि पाक आतपर्यंत मुरतो. आसवात गूळ वा साखर प्रमाणाबाहेर पडली तर संधान मंदावते, कारण किण्वन करणाऱ्या यीस्टच्या पेशींतूनच पाणी बाहेर ओढले जाते.

पाण्यासाठी पटलात स्वतंत्र दारे असतात, हे १९९२ साली पीटर अ‍ॅग्री यांनी दाखवून दिले. अ‍ॅक्वापोरिन या नावाच्या अशा एका दारातून दर सेकंदाला पाण्याचे सुमारे ३ अब्ज रेणू जाऊ शकतात. या शोधासाठी अ‍ॅग्री यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दुसरे मानकरी रॉडरिक मॅकिनन यांनी पोटॅशियमच्या मार्गाची रचना उलगडली होती.

आयनांचे मार्ग आणि वत्सनाभ

पेशीबाहेरील द्रवात सोडियमचे प्रमाण लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते, तर पेशीच्या आत ते जेमतेम १० ते १५ असते. पोटॅशियमचे चित्र याच्या नेमके उलट असते. त्यामुळे पटलातील सोडियमचे दार उघडताच सोडियम वेगाने आत शिरतो. चेतापेशी व हृदयपेशी यांचे कार्य याच लाटेवर चालते. दार क्षणभर उघडते आणि एक-दोन मिलिसेकंदांत मिटते. ते वेळेवर मिटले नाही तर पुढचा ठोका कोणत्या वेळी पडेल याचा नियम राहत नाही.

वत्सनाभातील अ‍ॅकोनिटीन हे विषारी अल्कलॉइड या दाराला चिकटून ते उघडेच ठेवते. ओठ व जीभ झिणझिणणे, त्यांना बधिरता येणे आणि पुढे हृदयाची गती विषम होणे, ही विषलक्षणे त्यातून उद्भवतात. आता शोधनाकडे पाहू. गोमूत्रात भिजविणे, गोदुग्धात स्वेदन करणे या प्रक्रियांत उष्णता व पाणी यांमुळे अ‍ॅकोनिटीनच्या रेणूतील विशिष्ट बंध तुटतात. प्रथम बेंझॉइल-अ‍ॅकोनिन व नंतर अ‍ॅकोनिन तयार होते. ही द्रव्ये सोडियमच्या दाराला पूर्वीसारखी चिकटू शकत नाहीत, म्हणून त्यांची विषारी शक्ती अनेक पटींनी घटते. शोधनाला कर्मकांड समजणाऱ्यांना यात पुरेसे उत्तर आहे.

परंतु याच माहितीतून औषधनिर्मात्यावर एक जबाबदारीही येते. बंध तुटण्यासाठी पुरेसा वेळ व पुरेशी उष्णता लागते. आनंदभैरव रस, त्रिभुवनकीर्ती रस, मृत्युंजय रस अशा नित्य विक्रीच्या कल्पांत वत्सनाभ आहे. उत्पादन वाढविण्याच्या घाईत शोधनाचा कालावधी आखडता घेतला, तर बरणीवर 'शुद्ध' असे लिहूनही आतले अ‍ॅकोनिटीन कमी होत नाही. शोधित वत्सनाभाच्या प्रत्येक घाणीची क्रोमॅटोग्राफीने तपासणी करून मगच ती कल्पात वापरावी.

सोडियम-पोटॅशियम पंप आणि करवीर

दारांतून सोडियम सतत आत झिरपत असेल तर तो बाहेर काढण्याची सोयही हवीच. १९५७ साली डॅनिश संशोधक येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या पायांतील चेतातंतूंवर प्रयोग करून हे काम करणारे विकर शोधले. हा पंप एका एटीपी रेणूची ऊर्जा खर्चून ३ सोडियम आयन बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो. विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा या एकाच कामी खर्ची पडतो. स्कौ यांना या शोधासाठी १९९७ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

करवीर म्हणजे कण्हेर. तिच्यातील ओलिअँड्रीन, पिवळ्या कण्हेरीतील थिवेटिन आणि डिजिटॅलिसपासून मिळणारे डिगॉक्सिन, ही तिन्ही द्रव्ये याच पंपाला अडवितात. पंप मंदावला की पेशीत सोडियम साचतो, त्यापाठोपाठ कॅल्शियम वाढते आणि हृदयाचे आकुंचन बळावते. अल्प मात्रेत हा औषधाचा गुण आहे. मात्रा किंचित ओलांडली की तोच प्राणघातक ठरतो. औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांतील अंतर येथे फारच थोडे आहे. डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णाला करवीरयुक्त कल्प पोटात देणे म्हणजे एकाच पंपावर दोन बाजूंनी घाव घालणे होय. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ या अनुसूचीत वत्सनाभ व करवीर दोन्ही समाविष्ट आहेत आणि असे घटक असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. औषधविक्रेत्याने ती सूचना रुग्णाला तोंडी सांगणेही तितकेच आवश्यक आहे.

मीठ-साखरेचे जोडदार आणि अतिसार

१९६० साली प्राग येथील परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी एक कल्पना मांडली. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटे शिरत नाही, ते सोडियमच्या सोबतीने शिरते. पुढे हे सिद्ध झाले. लहान आतड्यातील हे वाहक प्रथिन दोन सोडियम आयन व ग्लुकोजचा एक रेणू एकत्रच आत घेते. दोहोंपैकी एक नसेल तर दार फिरत नाही. ही जोडी आत गेली की परासरणाने पाणीही मागोमाग जाते.

पटकीच्या जंतूचे विष आतड्याच्या पेशींतील क्लोराइडचे दार उघडे पाडते आणि पाणी लोंढ्याने बाहेर येते. मीठ-साखरेचे जोडदार मात्र या विषाने बिघडत नाही. म्हणूनच जलसंजीवनी उपयोगी पडते. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यावयाचे द्रावण संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे द्रावण तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला. छावणीतील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचले होते. हे द्रावण घेणाऱ्यांत ते ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुधारलेल्या सूत्रात सोडियम व ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल ठेवले आहेत. एक लिटर पाण्यात सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, असे हे प्रमाण आहे. साखर याहून पुष्कळ वाढविली तर परासरण उलटे होते, पाणी आतड्याच्या पोकळीत ओढले जाते आणि अतिसार वाढतो. बाटलीतील गोड पेये अतिसारात अपायकारक ठरतात ती यामुळेच. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खाद्यपेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली. औषधाच्या दुकानातून गिऱ्हाइकाच्या हाती काय पडते याकडे दुकानदाराने स्वतः लक्ष पुरवावे.

आपल्या परंपरेतील लाजामंड व पेया यांचा विचारही येथेच करावा. तांदळातील पिष्टाचे ग्लुकोज आतड्यात हळूहळू सुटते, त्यामुळे पेयाचा परासरण-दाब फार वाढत नाही आणि जोडदाराला ग्लुकोज मिळत राहते. तांदळापासून केलेल्या संजीवनी द्रावणाने पटकीच्या रुग्णांत द्रवमलाचे प्रमाण कमी होते, असे चाचण्यांत दिसून आले आहे. मात्र पेजेत मीठ नसेल तर जोडदाराची एक किल्ली गहाळच राहते, हे विसरू नये. डोळे खोल गेलेले, ग्लानी आलेले किंवा तोंडाने काही घेऊ न शकणारे बालक असेल तर पेज वा पुडी यांवर वेळ न दवडता शिरेवाटे द्रव देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे.

बाहेर ढकलणारी दारे आणि त्रिकटू

कोल्चिसीनला दाद न देणाऱ्या पेशींचा अभ्यास करताना १९७६ साली जुलियानो व लिंग यांना त्या पेशींच्या पटलात एक विशेष प्रथिन आढळले. त्याला पी-ग्लायकोप्रोटीन हे नाव मिळाले. हे कोल्चिसीन आपल्या परिचयाच्या कळलावीत, म्हणजे लांगलीत, असते. हे प्रथिन पेशीत शिरलेले परके द्रव्य ऊर्जा खर्चून पुन्हा बाहेर फेकते. आतड्याच्या पेशींत ते पोकळीच्या बाजूला असते. तेथे ते पहारेकऱ्याचे काम करते आणि अनेक औषधांचा काही अंश रक्तात जाण्यापूर्वीच परत पाठविते.

मिरी व पिंपळीतील पायपरीन या पहारेकऱ्याला रोखते, तसेच औषधांचे विघटन करणाऱ्या एका प्रमुख विकरालाही रोखते, असे २००२ साली प्रयोगशाळेतील अभ्यासात दिसले. त्याआधी १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यास माणसाच्या रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता २० पटींनी वाढते, असे नोंदविले होते. २००९ साली भारतात क्षयरोगासाठी एक संयुक्त औषध आले. त्यात पायपरीनच्या साहाय्याने रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली होती. त्रिकटूला योगवाही मानण्यामागील अनुभव किती पक्का होता, याची यावरून साक्ष पटते.

तथापि जे दार आपल्या औषधाला वाट देते, ते दुसऱ्याच्या औषधालाही देते. पायपरीनमुळे फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल व थिओफायलिन यांचे रक्तातील प्रमाण वाढते, हे निरोगी व्यक्तींवरील अभ्यासांत दिसून आले आहे. प्रोप्रॅनोलॉल व थिओफायलिनच्या अभ्यासात पायपरीनची मात्रा रोज २० मिलिग्रॅम एवढीच होती. आता हिशोब पाहा. ३ ग्रॅम त्रिकटू चूर्णात १ ग्रॅम मिरी असते. मिरीत सुमारे ५ टक्के पायपरीन धरले तर एका मिरीतूनच ५० मिलिग्रॅम होते, पिंपळीतील वेगळे. चूर्णातील सारेच पायपरीन शुद्ध द्रव्याइतके सुटत नसेल, तरीही हे प्रमाण दुर्लक्षिण्यासारखे नाही. फेनिटॉइनसारख्या औषधात उपयुक्त व अपायकारक पातळी एकमेकींच्या अगदी जवळ असतात. अशा रुग्णाला आठवडाभर त्रिकटू दिल्यावर चालताना तोल जाऊ लागला, डोळे फिरू लागले, तर तो वातप्रकोप समजून औषध वाढविण्याआधी रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण तपासून घ्यावे.

शेजारपेशींची जोडणी

पेशी एकेकट्या राहत नाहीत. १९६३ साली फारकर व पालाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने आवरणपेशींमधील सांध्यांचे पद्धतशीर वर्णन केले. स्थूलमानाने त्यांचे तीन प्रकार सांगता येतात.

पहिला प्रकार घट्ट सांध्यांचा. आतड्याच्या पेशींच्या माथ्यालगत हा सांधा पट्ट्यासारखा गुंडाळलेला असतो आणि दोन पेशींमधील फट मिटवितो. १९९८ साली जपानमधील शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाने त्यातील क्लॉडिन हे प्रथिन शोधले. हा सांधा सैल झाला तर द्रव्ये दाराऐवजी फटीतून आत शिरतात. सीलिअ‍ॅक व्याधी व क्रोन व्याधी यांत असे सैलपण आढळते.

दुसरा प्रकार बांधून ठेवणाऱ्या सांध्यांचा. डेस्मोसोम हे त्याचे उदाहरण. कापडाच्या दोन तुकड्यांना जागोजागी टाके घालावे तसे हे सांधे त्वचेच्या पेशींना एकत्र धरतात. पेम्फिगस व्हल्गॅरिस या व्याधीत शरीराचीच प्रतिद्रव्ये या टाक्यांतील डेस्मोग्लीन प्रथिनावर हल्ला करतात, टाके उसवतात आणि सैल फोड येतात. या व्याधीची सुरुवात पुष्कळदा तोंडातील व्रणांनी होते. हे व्रण मुखपाक समजून महिनोन्महिने गंडूष व कवल देण्यात मोलाचा काळ जातो. तीन आठवड्यांत न भरणाऱ्या मुखव्रणाची तज्ज्ञाकडून तपासणी करवून घेणे, हे वैद्याचे कर्तव्य आहे.

तिसरा प्रकार संवादी सांध्यांचा. कनेक्सिन नावाची सहा प्रथिने वर्तुळाकार जमून अर्धी नळी बनवितात. शेजारच्या पेशीतील अर्ध्या नळीशी ती जुळली की दोन पेशींमध्ये थेट वाट तयार होते. तिच्यातून आयन व लहान रेणू जातात, प्रथिनांसारखे मोठे रेणू अडतात. हृदयाच्या पेशी एकजुटीने आकुंचन पावतात त्या या वाटांमुळे. कनेक्सिन-२६ या प्रथिनाच्या जनुकात दोष असल्यास जन्मजात बहिरेपणा येतो, हे १९९७ साली स्पष्ट झाले. वनस्पतीच्या पेशींना जाड भित्ती असते, तरीही त्या भित्तीतून आरपार जाणारे जीवद्रव्याचे सूक्ष्म धागे शेजारपेशींना जोडतात; एडुआर्ड टांगल यांनी ते १८७९ सालीच पाहिले होते.

साम्य कोठवर मानावे

हे सर्व वाचून स्रोतस म्हणजेच पेशीपटलातील मार्ग, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. तो आवरणे इष्ट आहे. स्रोतसाच्या संकल्पनेत स्थूल नलिकांपासून सूक्ष्म मार्गांपर्यंत पुष्कळ काही येते आणि तिचा मूळ आधार रुग्णाच्या लक्षणांचे निरीक्षण हा आहे. पटलातील प्रथिनांचा शोध निराळ्या साधनांनी लागला. क्लोराइडचे दार उघडे पडून होणारा द्रवस्राव अतिप्रवृत्तीची आठवण करून देतो, हे खरे. पण साम्य विचाराला दिशा देते, पुराव्याचे काम करीत नाही. आम म्हणजे आतड्याची गळती असे सांगून महागडी चूर्णे खपविणाऱ्या जाहिराती अलीकडे दिसतात. अशा दाव्यांना आपल्या व्यासपीठावरून दुजोरा मिळता कामा नये.

व्यवहारात करावयाच्या गोष्टी मात्र स्पष्ट आहेत. प्रत्येक नव्या रुग्णाच्या पत्रकावर तो घेत असलेल्या आधुनिक औषधांची नावे लिहून घ्यावीत. डिगॉक्सिन, फेनिटॉइन व थिओफायलिन ही नावे दिसताच त्रिकटू व करवीर यांबाबत थांबून विचार करावा. औषधनिर्मात्यांनी वत्सनाभाच्या प्रत्येक घाणीचा तपासणी अहवाल जपून ठेवावा आणि वैद्याने मागितल्यास दाखवावा. औषधविक्रेत्यांनी प्रमाणित सूत्राची जलसंजीवनीच हाताशी ठेवावी आणि एका पुडीला किती पाणी घ्यावयाचे ते गिऱ्हाइकाला समजावून सांगूनच ती द्यावी.